ट्विन उडवायच्या आधी: कुठला पंखा कुठे फिरणार

ट्विन म्हणजे दोन पंख्यांचं, रिमोटवर उडवायचं मॉडेल विमान. त्यात सगळ्यात आधी डावं-उजवं ठरवून टाका. पायलट आत बसलाय असं समजायचं आणि शेपटीकडून नाकाकडे बघायचं. नेहमीचा प्रॉप, म्हणजे पंखा, मागून बघितला की घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, समोरून बघितला की उलटा दिसतो, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण एक जण समोरून बोलतो आणि दुसरा मागून.

मग ठरवा की दोन्ही एकाच दिशेने फिरवायचेत की एकमेकांविरुद्ध. एकाच दिशेने फिरवले तरी मॉडेल छान उडतं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाचे दोन्ही पंखे एकाच बाजूला फिरायचे. फक्त टॉर्कमुळे, म्हणजे पंखा फिरताना विमानाला बसणाऱ्या उलट्या जोरामुळे, टेकऑफला विमान डावीकडे ओढणार हे धरून चाला. ग्लो इंजिनवाल्यांनी (इंधनावर चालणारं मॉडेलचं छोटं इंजिन) तर हेच करावं, उलटं फिरणारं इंजिन सहज मिळत नाही. इलेक्ट्रिकला मात्र उलटं फिरवणं सोपंय आणि मला तेच आवडतं, डावा सुलटा आणि उजवा उलटा, म्हणजे वरून जाणारं पातं बॉडीकडे येतं. असं केलं की खाली येणारी पाती, जी नाक वर असताना जास्त ओढतात, ती बॉडीजवळ राहतात आणि एक मोटर गेली तरी विमान कमी वळतं. पी-38 या अमेरिकन लढाऊ विमानाचं उलट होतं, 1939 सालच्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये पंखे आतल्या बाजूला फिरायचे, पुढे वायपी-38 या नंतरच्या चाचणी विमानांपासून बाहेरच्या बाजूला केले, त्यामुळे पी-38 चं स्केल मॉडेल (हुबेहूब प्रतिकृती) करत असाल तर बाहेरचीच दिशा ठेवा.

आता मोटर. प्रॉप काढून ठेवा, हे टाळू नकाच. शाफ्टला मास्किंग टेपचा छोटा झेंडा चिकटवा, थ्रॉटल अगदी किंचित द्या आणि झेंडा कुठे पळतो ते मागून बघा. दिशा चुकली असेल तर मोटर आणि इएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) यांच्यामधल्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा, झालं. बॅटरीकडच्या लाल-काळ्याला हात लावायचा नाही, त्या उलट्या जोडल्या की इएससी जळतो.

उलट्या मोटरला प्रॉपही उलटा लागतो, नंबरापुढे पी किंवा आर असं काहीतरी छापलेला. साधाच प्रॉप पलटी करून लावला की काम होईल असं पुष्कळांना वाटतं, पण पलटी केल्याने त्याचा पीळ बदलत नाही, उलट्या मोटरवर तो विमानाला मागेच ढकलणार. अक्षरं नेहमी पुढे, दोन्ही बाजूंना. माझ्या एका मॉडेलचा उजवा प्रॉप असाच चुकला होता, थ्रॉटल दिल्याबरोबर विमान पुढे जायचं सोडून जागच्या जागी गोल फिरायला लागलं, एक मोटर ओढतेय आणि दुसरी ढकलतेय. म्हणून प्रॉप लावल्यावर विमान पक्कं धरून दोन्हींच्या मागे एकेक कागदाची पट्टी धरा, दोन्ही पट्ट्या शेपटीकडे उडाल्या पाहिजेत, आणि बोटं प्रॉपच्या रेषेत नकोत.

उलट्या बाजूचा नट नीट बघा. साधे आटे सुलट्या मोटरवर झटका बसला की घट्ट होतात, उलट्यावर सैल होतात. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) किंवा डाव्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर लावा आणि दर फ्लाइटआधी पाना फिरवून बघा.

दोन्ही इएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन सारखं करा, टॅकोमीटरने आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मोजा, अर्ध्या थ्रॉटललाही मोजा कारण फरक तिथेच लपतो. दोन्ही जातीचे प्रॉप जादा न्या, उलट्यांवर मार्करने खूण करून.

आणि एक मोटर बंद पडली तर काय करायचं ते जमिनीवरच ठरवून जा: थ्रॉटल लगेच कमी, नाक खाली, रडर (शेपटीचं सुकाणू) चालू मोटरच्या बाजूला, वेग आला की जेवढं लागेल तेवढंच थ्रॉटल परत.