जुनी गाडी घेता? आधी नंबर प्लेट वाचा

दारव्ह्यात माझं पंक्चरचं दुकान. जुनी गाडी पाहायला लोक मलाच सोबत नेतात. मी इंजिनाआधी प्लेट पाहतो.

एमएच २९ म्हणजे आपलं यवतमाळ, २७ अमरावती, ३० अकोला, ३७ वाशिम. पुढच्या अक्षरांत ‘आय’ आणि ‘ओ’ येत नाहीत, एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून. आले तर तिथंच थांबा.

मग नख फिरवा. खऱ्या, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेटवर आकडे उठावदार लागतात, अन् त्यावरच्या पट्टीत तिरपं ‘इंडिया’ छापलेलं असतं. डावीकडे वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम, खाली निळं ‘आयएनडी’ आणि लेझरनं कोरलेला क्रमांक. गेल्या पोळ्याआधी एका कारचं चक्र माझ्या नखानं सोलून आलं. निव्वळ स्टिकर! विकणारा म्हणे, “उन्हानं झालं, भाऊ.”

प्लेट साध्या स्क्रूवर असेल तरी खटकू द्या. खरीला न उघडणारं स्नॅप लॉक असतं. २०१९ च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते.

शेवटी एमपरिवहन अॅपवर नंबर टाका. गाडी डिझेल अन् अॅप पेट्रोल सांगत असेल, तर इसार देऊ नका. चेसिस नंबर मात्र आरसीशी स्वतः ताडायचा, वाकून, टॉर्च लावून.