ऑपरेशनची तारीख पडल्यावर वहिनींच्या वहीत काय उतरलं

ठाण्यात २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर होते, त्यामुळे सोसायटीत कुणाचं ऑपरेशन ठरलं की आधी माझी बेल वाजते. परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. सासूबाईंच्या आतड्यातली गाठ काढायचीय, महिनाभरानंतरची तारीख मिळालीय, आणि कुणीतरी मोबाइलवर पाठवलंय की मॉर्फिनने प्रतिकारशक्ती मरते. "वेदनाशामक नको असं आधीच लिहून देऊ का हो?" म्हटलं, वहिनी, बसा, वही काढा.

पहिली ओळ मिश्रीची. "सासूबाई तंबाखू नाही खात," वहिनी म्हणाल्या. पण दात घासायला मिश्री लावतात की! ती तंबाखूच. ती आजपासून बंद, सासऱ्यांची बिडीही घरात नको. जखम भरायला आणि फुप्फुसं सावरायला निदान चार आठवडे हवेत. हिमोग्लोबिन आत्ताच करून घ्या. कमी निघालं तर लोहाचं औषध सुरू करायला वेळ मिळतो आणि बाहेरचं रक्त चढवायची पाळी कदाचित टळते. चढवलेलं रक्तही काही काळ प्रतिकारशक्ती दबवतं, त्याचा मेसेज मात्र कुणी पाठवत नाही.

आता मॉर्फिन. मेसेज अगदीच खोटा नाही. मॉर्फिन मेंदूत जिथे जाऊन बसतं, तशा जागा पांढऱ्या पेशींवरही असतात. कर्करोगाच्या पेशी टिपणाऱ्या नॅचरल किलर पेशी त्याने मंदावतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. त्याच गटातल्या ट्रामाडॉलने त्या मानाने कमी. पण पोट उघडलं की अंगात जे कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन (ताणाची संप्रेरकं) उसळतं, तेही हेच करतं, आणि न थांबवलेलं दुखणं त्यात भर घालतं. शिवाय दुखतंय म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साठून न्यूमोनिया. तेव्हा 'नको' लिहून द्यायचं नाही. भूलतज्ज्ञ फिटनेससाठी तपासतील तेव्हा विचारायचं: एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून औषध) किंवा पोटाचा ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) जमेल का? पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला मिळत राहील का? म्हणजे मॉर्फिन लागेल तेवढंच लागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती तिथेच दाखवा, एपिड्युरलचा निर्णय तिच्यावरही असतो.

भूल गॅसची की शिरेतून, यावर मात्र वाद घालू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या २,००० हून जास्त स्त्रियांमध्ये ब्लॉक आणि प्रोपोफॉल (शिरेतून द्यायची भूल) एकीकडे, गॅस आणि मॉर्फिनच्या गटातली औषधं दुसरीकडे, अशी तुलना झाली. निकाल २०१९ मध्ये आला: आजार परतण्यात फरक नाही. आपल्याकडे टाटा मेमोरियलने (खारघरचं अ‍ॅक्ट्रेक त्यांचंच) २०२३ मध्ये छापलेला अभ्यास वेगळा आहे. स्तनातली गाठ काढण्याआधी तिच्याभोवती साधं लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचलं, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. पण ते स्तनाचं. सासूबाईंच्या आतड्याला ते लागू करू नका.

आतड्याचं म्हणाल तर थंडी. ओटीतला एसी आमच्यासाठी लावलेला असतो, पेशंटच्या अंगावर एक पातळ गाऊन. टेबलावर घेताना हात धरला की बोटं बर्फासारखी लागतात. १९९६ मध्ये आतड्याच्या २०० पेशंटवर झालेला अभ्यास आम्हाला तोंडपाठ होता: अंग गार पडू दिलं तेव्हा १९ टक्क्यांच्या जखमेत पू झाला, उबदार ठेवलं तेव्हा ६ टक्क्यांच्या. पिशवीत लोकरीचे मोजे आणि टोपी ठेवा. आत नेईपर्यंत ब्लँकेट काढू देऊ नका. आत गरम हवेचं ब्लँकेट आहे का, हे विचारायला लाजायचं नाही.

केस घरी ब्लेडने काढायचे नाहीत. आदल्या रात्री नातवाच्या रेझरने 'मदत' केलेली पोटं मी पाहिलीत. बारीक बारीक कापलेलं आणि त्यात जंतूंची वस्ती. काढावे लागलेच तर तिथे क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढतील. आदल्या दिवशी साबणाने स्वच्छ आंघोळ, बस्स.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच घेऊन जा. डापाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. साखर चढलेली असेल तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात, हे मॉर्फिनहून मोठं दुखणं.

हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा. दुधाचा चहा खाण्यात मोजायचा, पाण्यात नाही. घोडबंदर रोडवर अडकलात तर एवढी पाळलेली वेळ फुकट जाईल, पहाटेच निघा.

नंतर: दुखणं वाढायच्या आत सिस्टरला हाक मारा. खोल श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र ओढायला लावा. फार गुंगी आली, श्वास मंद वाटला, तर लगेच सांगा. शौचाला होत नसेल तर लपवू नका, या औषधांनी आतडं आळसावतं. घरी ट्रामाडॉल दिलं तर चिठ्ठी जपा. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. जखम महिनाभर रोज बघायची: लाली, ऊब, पाणी, ताप.

वहिनी वही मिटून उठल्या. दारापर्यंत गेल्यावर म्हटलं, ऑपरेशनच्या सकाळी त्यांच्या कमरेची पिशवी एकदा तपासा. मिश्रीची डबी तिथेच असणार.