एस्टर बनवलंत? आता कॉस्टिकने धुऊ नका

'एस्टरिफिकेशनचं उलट म्हणजे सॅपोनिफिकेशन' हे क्लासच्या नोट्समधलं वाक्य घेऊन नवी मुंबईत रबाळे-महापेकडच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून जाणार असाल, तर ते आधी डोक्यातून काढा. एस्टरिफिकेशन म्हणजे आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर आणि पाणी बनणं; सॅपोनिफिकेशन म्हणजे कॉस्टिकसारख्या (सोडियम हायड्रॉक्साइड) अल्कलीने एस्टर फोडणं. उलट असते ती आम्लातली हायड्रॉलिसिस, म्हणजे पाण्याने एस्टर फुटणं. सॅपोनिफिकेशनमध्ये आम्लाचं सोडियमचं लवण मिळतं, आणि त्यापासून अल्कोहोल घालून थेट एस्टर होत नाही. तिथून परतीची वाट नाही.

एस्टरिफिकेशन मात्र मध्येच अडतं. ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल एकास एक मोल घेतलं, तर साधारण ६७ टक्के आम्लाचं एस्टर झालं की समतोल येतो. सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब वाढवून आकडा हलत नाही, तो फक्त लवकर गाठला जातो. आकडा वाढवायचा तर अल्कोहोल जास्त घ्या. ब्युटाइल ॲसिटेट असेल तर डीन-स्टार्क (उकळताना निघणारं पाणी वेगळं साठवणारी काचेची नळी) लावून पाणी काढत राहा.

खरा घात होतो तो पुढे, धुताना. उरलेलं आम्ल मारायला 'कॉस्टिक घाल, पटकन होतं' असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिक दोन्ही ०.१ मोलर असलेल्या द्रावणात २५ अंशांना दीडेक मिनिटात अर्धं एस्टर संपतं. तापवावंही लागत नाही. सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं, थर वेगळे काढायचं भांडं) थर वेगळे असल्याने वेग कमी पडतो, पण जोरात हलवलं, थर वेगळे व्हायची वाट बघत बसलं की यील्ड (हाती येणारं एस्टर) गळतेच. मग दोष रिफ्लक्सला (वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळणं) दिला जातो. ५ टक्के सोडा बायकार्बने, गार, दोन-तीनदा धुवा. कार्बन डायऑक्साइडचा दाब साचतो, म्हणून सुरुवातीला उघडंच ढवळा आणि नंतर दर हलवण्यानंतर तोटी उघडा. बुडबुडे थांबले की पाणी, मग मिठाचं संपृक्त पाणी. एवढं केलंत तर एस्टर हातचं जात नाही, घाबरू नका.

ध्यानात ठेवायचं ते हे: एस्टरिफिकेशनमध्ये सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून शेवटी उरतं, सॅपोनिफिकेशनमध्ये कॉस्टिक खर्च होतं. ट्रायग्लिसराइडच्या (तेलातलं, तीन एस्टर-गटांचं संयुग) एका मोलला तीन मोल. म्हणून कॉस्टिक मोजूनच घ्यायचं, आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात भरभर तोलायचं. गोळ्या बघता बघता ओलसर होतात.

सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूसाठी (एक ग्रॅम तेलाला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा) २ ग्रॅम तेल, २५ मिली ०.५ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड), तासभर रिफ्लक्स, फिनॉल्फ्थॅलिनवर ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन. ब्लँकही (तेल न घालता केलेली तीच चाचणी) तितकाच वेळ रिफ्लक्सवर हवा. आलेला आकडा पोटॅशचा असतो. साबणासाठी सोडियमचं कॉस्टिक वापरणार असाल तर त्याला ०.७१३ ने गुणा. व्हॅल्यू २५७ असलेल्या १०० ग्रॅम खोबरेल तेलाला १८.३ ग्रॅम पुरतं. न गुणता २५.७ ग्रॅम घातलं, तर उरलेलं कॉस्टिक वापरणाऱ्याची कातडी भाजतं.