गेकोसाठी रेशीमकिडे: सुरुवात शहतूताच्या झाडापासून

फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदूरच्या ठेल्यांवर शहतूत दिसू लागले की सगळे फळाकडे वळतात. घरी लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन असा किडे खाणारा पाळीव सरडा असेल तर तुम्ही झाड शोधा. शहतूत म्हणजे आपली तुती, आणि सरड्याच्या खाऊसाठी जो रेशीमकिडा वाढवायचा त्याचं पोट तिच्याच पानांवर चालतं. पानांची सोय न करता अंडी मागवणारे दहाव्या दिवशी गल्लोगल्ली फिरताना दिसतात. मीही फिरलोय.

एवढी उठाठेव का, तर हा किडा मऊ असतो, उडी मारत नाही, चावत नाही आणि आवाजही करत नाही. आधी आमच्याकडे रातकिडे होते. त्यातला एक सुटून देवघरामागे जाऊन बसला आणि आजीने तीन रात्री आम्हाला झोपू दिलं नाही. रेशीमकिड्याच्या अंगात पाणी भरपूर असतं आणि कवच पातळ असतं, त्यामुळे जेवायला कुरकुर करणारा सरडाही तो सहसा खातो.

आधी पानांचा हिशेब मांडा. एक किडा अळीच्या आयुष्यात साधारण २० ते २५ ग्रॅम पानं खातो आणि त्यातली ८० टक्क्यांहून जास्त शेवटच्या आठवड्यात. रेशीमवाले ज्याला अंडीपुंज म्हणतात, म्हणजे एका मादीची अंडी, त्यात ४०० ते ५०० अंडी असतात. सगळी वाढवायची म्हटली तर दहा किलो पानं लागतील. म्हणून एक पुंज दोघा-तिघांत वाटून घ्या आणि बहुतेक किडे मधल्या वयातच सरड्याला खाऊ घाला.

पानं कुठली, हे त्याहून महत्त्वाचं. मी एकदा कॉलनीच्या बगीच्यातून पिशवीभर पानं आणली. आदल्या संध्याकाळी तिथे डासांसाठी धूर मारला होता, हे मी विचारलंच नाही. रात्री किडे डोकं वर करून झुलायला लागले, तोंडातून हिरवं पाणी येऊ लागलं आणि सकाळी ट्रेमध्ये एकही हलत नव्हता. आता ज्या झाडाचा मालक माहीत आहे त्याचीच पानं घेतो. किड्यांच्या खोलीत डास मारायचं मशीन, कॉइल, धूप, सिगारेट काहीही चालत नाही.

शेतकऱ्याकडून मोठ्या अळ्या आणायचा मोह टाळा. रोग येऊ नये म्हणून त्यांच्या बेडवर, म्हणजे त्या ज्या पानांच्या थरावर वाढतात त्यावर, जंतुनाशक भुकटी टाकलेली असते आणि ती सरड्याच्या पोटात जायला नको. अंडीच आणा.

अंडी २५ अंशांच्या आसपास ठेवली की साधारण दहा दिवसांत फुटतात. त्याआधी दोन दिवस प्रत्येक अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. तो दिसला की अंडी काळ्या कागदात झाका आणि फुटायच्या दिवशी सकाळी उजेडात उघडा. मग बहुतेक अळ्या एकदमच बाहेर येतात. असं केलं नाही तर लहान-मोठ्यांची सरमिसळ होते आणि पुढे सगळाच गोंधळ.

नवजात अळी जेमतेम ३ मिलिमीटरची आणि काळी असते. तिला बोटाने उचलू नका. शेंड्याचं कोवळं पान बारीक चिरून वर पसरा, ती आपणच चढेल. नाहीतर मऊ ब्रश वापरा. पहिले काही दिवस ओलावा जास्त हवा, म्हणून ट्रेवर मेणकागद झाकतो. पुढे कागद काढून हवा खेळती ठेवायची. पानं धुतली असतील तर पूर्ण कोरडी करूनच टाका. ओल्या बेडवर बुरशी आणि जुलाब दोन्ही येतात.

अळी चार वेळा कात टाकते. कातीच्या वेळी ती डोकं उचलून दिवसभर दगडासारखी स्थिर बसते. नवखा माणूस घाबरतो, तिला हलवून पाहतो, वर आणखी पानं टाकतो. यातलं काहीही करू नका. खाणं बंद ठेवा, बेडवर चुन्याची हलकी भुकटी टाका आणि बहुतेक सगळ्यांची कात निघाली की पानं द्या. मात्र चुना लागलेले किडे सरड्यापुढे जाऊ देऊ नका. स्वच्छतेसाठी किड्यांवर जाळी आणि जाळीवर ताजी पानं ठेवली की ते वर येतात. मग जाळी उचलून खालची घाण फेकून द्या. ट्रेच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या रात्रीत ट्रे रिकामा करतात.

तापमान २४ ते २८ अंश असावं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा उद्योग मी बंद ठेवतो. पावसाळ्याच्या दमटपणात रोग फार. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दिवस चांगले. वाढ थोडी रोखायची असेल तर २० अंशांच्या आसपासची खोली पुरते, पण फ्रिज नको. किडा सुजला, अंग चमकायला लागलं किंवा काळा पडून मऊ झाला, तर तो ट्रेतून लगेच काढा. सरड्याला तो कधीच देऊ नका.

खाऊ घालताना सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा जाड नसावा. कॅल्शियमची भुकटी लावूनच द्या, कारण त्याच्या अंगात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी असतं. रोज फक्त हेच नको, डुबिया जातीची झुरळं वगैरे आलटून पालटून द्या. इग्वानाला तर यातलं काहीच देऊ नका, तो पाला खाणारा. आणि बागेतला साधा सरडा किंवा घोरपड पकडून पाळायचा विचार असेल तर तो सोडून द्या, घोरपडीच्या बाबतीत तर कायदाही आड येतो.

उरलेले किडे खाणं सोडून पिवळसर, पारदर्शक दिसायला लागले की कोष विणणार. त्यांच्यासाठी ट्रेमध्ये अंड्यांचे रिकामे पुठ्ठे ठेवा. पतंग निघाले तरी ते उडत नाहीत.

डिसेंबरात आमच्या झाडाची पानं झडतात आणि काम थांबतं. मग पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या कांड्या छाटून कुंडीत लावतो. गेल्या वर्षी शेजारच्या काकू दोन कुंड्या घेऊन गेल्या. किड्यांशी त्यांना देणंघेणं नाही, पण पानं तोडायला गेलो की आतून ओरडतात, "अरे, फळाची फांदी सोडून तोड!"