मोल्डरचा सुपरवायझर करताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझरची जागा रिकामी झाली, की मालकाची नजर सगळ्यात चांगल्या मोल्डरवर, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कारागिरावर, जाते. निवड बहुतेक वेळा बरोबर असते. घोळ पुढे होतो. त्याच्या हातात रजिस्टर देतात, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर गडी पुन्हा साच्याच्या बॉक्सवर वाकलेला. कारागीर गेला आणि सुपरवायझरही मिळाला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

नेमणुकीच्या आधी पगाराचं बघा. मोल्डरला ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत असतो आणि सुपरवायझर झाल्यावर तो बहुतेक ठिकाणी बंद होतो. पद वाढलं, घरी जाणारे पैसे घटले, असं झालं तर माणूस चार महिन्यांत शेजारच्या कारखान्यात दिसेल. त्याच्या मागच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या घ्या, ओव्हरटाइम धरून सरासरी काढा आणि नवा पगार त्याच्या वरच ठेवा.

पहिल्या महिन्यात त्याच्या नावावर एकही बॉक्स लावू नका. माणूस कमी पडला तरी तो स्वतः उभा राहणार नाही. दुसऱ्या स्टेशनवरचा माणूस हलवेल. हे त्याला जड जातं, कारण काम अडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. या महिन्यात उत्पादन थोडं घसरणार, हे तुम्हीही मनाशी धरून चाला.

दुसरी गोष्ट अधिकाराची. ‘तू बघून घे’ हा अधिकार नव्हे. एका कागदावर तीन याद्या करा. न विचारता करायच्या गोष्टी: वाळूतला ओलावा ठरल्या मर्यादेबाहेर गेला तर लाइन थांबवणं, ओतायच्या आधी तापमान उतरलं तर ते लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) न ओतणं, एका दिवसाची रजा देणं, दोन हजारांपर्यंतची किरकोळ खरेदी. करून मग सांगायच्या: पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) बदलणं, शिफ्टमधली माणसं इकडची तिकडे करणं. आधी विचारायच्या: ग्राहकाच्या तारखेला हात लावणं, कोणाला कामावरून बंद करणं. आकडे तुमच्या कारखान्याप्रमाणे बदला, पण कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. त्याने एखादं लॅडल परत पाठवलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणालात, तर तो कागद त्याच दिवशी रद्दीत गेला.

आता शिकवायचं काय? मुख्यतः दुसऱ्याला शिकवायला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची पद्धत बसवली गेली. तिच्यातल्या काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आजही चालतात: शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. कसलेला कारागीर तिसरी पायरीच गाळतो. ‘हे बघ असं’ म्हणतो, अर्ध्या मिनिटात कोअर (नगातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बसवून मोकळा होतो, आणि पोरगं नुसतं मान हलवतं. हाताला माहीत असलेलं तोंडातून निघत नाही.

म्हणून एका कामाचा कागद त्याच्याकडूनच लिहून घ्या. ‘कोअर बसवणं’ घ्या. डावीकडे पायऱ्या: साच्यातली सुटी वाळू हवेने उडवणं, कोअर प्रिंट (कोअर टेकायची खाच) तपासणं, कोअर सरळ खाली सोडणं, पिनवर बॉक्स बंद करणं. उजवीकडे प्रत्येक पायरीचं ‘का’. कोअरची वेंट (गॅस बाहेर जायची वाट) बुजलेली असेल तर गॅस धातूत घुसतो आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, फुगा राहतो. कोअर तिरकी टेकली तर वाळू खरवडून तीच कास्टिंगमध्ये जाते. मग नवख्याकडून काम करून घ्यायचं, आणि करता करता त्यालाच ‘का’ बोलायला लावायचं. तीनदा न चुकता सांगितलं की सोडायचं. असे कागद महिन्याला दोन झाले तरी भरपूर. बाहेरच्या वर्गाला जरूर पाठवा. मात्र परत आल्यावर आठवड्याच्या आत तिथे शिकलेली एक गोष्ट लाइनवर करून दाखवायची, एवढी अट ठेवा.

रोज पंधरा मिनिटं रिजेक्शनच्या, म्हणजे नापास नगांच्या, टेबलाशी उभे राहा. काल परतलेले पाच नग, आणि बोलायचं त्याने. ब्लोहोल (गॅसचा फुगा) दिसला की नवा सुपरवायझर ‘वाळू ओली होती’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही विचारा: किती टक्के, किती वाजता मोजली, वाळूतून हवा पास होत होती का, त्या लॅडलचं तापमान किती होतं? उत्तर माहीत असलं तरी सांगू नका. दोन आठवड्यांत तो टेबलाशी येण्याआधी आकडे खिशात घालून येतो.

माणसांचा भाग सगळ्यात अवघड. शिफ्टमधले निम्मे त्याच्या गावचे किंवा भावकीतले असतात; ज्याला काम सांगायचं तो मामा लागतो. मामाला ‘मामा’च म्हणू द्या. फक्त तीन गोष्टी पाळायला सांगा: चूक नग समोर ठेवून दाखवायची, चारचौघांत बोलायचं नाही, आणि रजा सगळ्यांना एकाच नियमाने.

रजेचं तर वेळापत्रकच त्याच्याकडून करून घ्या, तीन महिने आधी. चैत्रातली जोतिबाची यात्रा, गावोगावच्या म्हाया (गावजत्रा), जुलैतली रोपलावण, गणपती, ऊसतोड. या तारखा दरवर्षी येतात आणि दरवर्षी कारखाना ‘अचानक’ रिकामा होतो. पावसाळ्याचं पान वेगळं करा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 39 ला कोणाला थांबवून घ्यायचं, भट्टी कधी रिकामी करायची, हे त्याने जूनमध्येच लिहून ठेवायचं.

आणि मालकांनो, तुमची एक सवय. फेरी मारताना थेट कामगाराला ‘हे आधी काढ’ म्हणून सांगायचं. माल बघा, माणसांची विचारपूस करा, पण काम बदलायचं असेल तर सुपरवायझरलाच बोलवा. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. तिथे ओरडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तीन आकडे मांडा: त्याच्या शिफ्टचं रिजेक्शन, रात्री तुम्हाला आलेले फोन, आणि दोन स्टेशनं चालवू शकणारी माणसं किती झाली. रिजेक्शन अजून थोडं वर असेल तर घाबरू नका. फोन मात्र कमी व्हायलाच हवेत. नाही झाले तर अधिकाराचा कागद पुन्हा काढा, बहुधा तो तुम्हीच मोडला असेल. मग त्याला सलग चार दिवस रजेवर पाठवा, फोन बंद ठेवायला सांगून. शिफ्ट चालली तर त्याने माणसं तयार केली. पहिल्याच दुपारी अडली, तर कुठल्या स्टेशनवर अडली ते लिहून ठेवा. पुढचा कामाचा कागद त्याच स्टेशनचा.