मुंबई–न्यूयॉर्क : विमानाचे तास आणि घरापर्यंतचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हिशोब १४ तासांचा होतो, पण थेट विमानाला जाताना सोळाएक तास लागतात आणि येताना त्याहून एक-दोन कमी. कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते अंगावर, येताना पाठीशी. शिवाय सर्वांत जवळचा मार्ग पार ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो, पण त्यावरून जाता येईलच असं नाही. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंदी घातली. मग वळसा आला, वेळ वाढला.

तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. ‘१५ तारीख, ०१:३०’ म्हणजे १४ च्या रात्री साडेनऊ-दहालाच विमानतळावर. ही चूक शिकलेली माणसंही करतात. सोळा तासांनी मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात १५ तारखेचीच सकाळ, सात. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक साडेदहाऐवजी साडेनऊ तासांचा.

एक थांबा घेऊन जायचं तर बावीस-चोवीस तास धरा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडू नका. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, आणि बॅग मधल्या देशात स्वतः उचलायची तर तिथला व्हिसा लागू शकतो. अबूधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. तिथे तीन तास तरी हवेत. एरवी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशन, मग बॅगा उचलून पुन्हा जमा करणं. पुढे पिट्सबर्ग-शिकागो असेल तर तिथेही तीन तास ठेवा, दीड तासाच्या थांब्याचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी.

सामानात सुकं खोबरं भरू नका. तेलामुळे ते ज्वलनशील पदार्थांत मोडतं आणि बॅग मुंबईतच उघडली जाते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, तूप आणि लोणचं मोठ्या बॅगेत, कारण १०० मिलीवरचा द्रव किंवा ओलसर पदार्थ तपासणीत काढून घेतात. मसाले, पिठं, चकल्या चालतात; पण फॉर्मवर किंवा विचारल्यावर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सांगाच. फळं, भाज्या, मांस नको. हापूसची एक फोडसुद्धा नको.

शेजारच्या न्यू जर्सी राज्यात एडिसनला राहणार असाल तर शक्यतो तिथल्याच न्यूअर्क विमानतळावर उतरा. विमानतळाच्या स्टेशनवरून एनजे ट्रान्झिटची (न्यू जर्सीची लोकल) गाडी मेट्रोपार्क आणि एडिसन स्टेशनला थेट जाते. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाहून मात्र एअरट्रेनने (विमानतळाची छोटी रेल्वे) जमैका स्टेशन, तिथून न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, मग पुन्हा गाडी बदलायची. दोन मोठ्या बॅगांसह हे जिने चढणं म्हणजे शिक्षाच. टॅक्सीला गर्दीत दीड तास सहज.

आई-बाबा येणार असतील तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कंपनीला सांगा, मुंबईच्या काउंटरवर नव्हे. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळेप्रमाणे डोस कसा घ्यायचा ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं. सकाळी पोहोचल्यावर दुपारी गादी दिसली की झोप येतेच. अर्ध्या तासाचा गजर लावा, उन्हात चक्कर मारा आणि रात्री नऊपर्यंत तग धरा.