बाबांची नाणी विकताना

बाबांच्या नाण्यांचा भाव विचारायला नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात गेलो, तर सगळी नाणी एकत्रच तराजूत पडली. चांदीचा एकच भाव सगळ्यांना. मी पिशवी उचलून घरी आलो आणि आधी वर्गवारी केली. तिथेच खरा पैसा दडलेला असतो.

ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी, 1940 पासून मात्र निम्मीच, वजन तेच ठेवून! 1947 चा रुपया तर निकेलचा. म्हणजे दिसायला सारख्या दोन रुपयांत चांदीचा फरक जवळजवळ दुपटीचा. 1862 सनाचा रुपया दिसला की लोक हुरळतात. पण तोच सन घालून पुढे बरीच वर्षं टांकसाळींनी रुपये पाडले. त्यांतले प्रकार ठिपक्यांवरून ओळखायचे, त्यासाठी भिंग हवंच.

चिंच, रांगोळी, पावडर काहीही लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत.

भावासाठी विक्रेत्यांनी मागितलेले आकडे न बघता लिलावात प्रत्यक्ष मिळालेले बघितले. झिजलेली नाणी चांदीच्या भावाने सराफाला दिली, उठाव, म्हणजे वर आलेली चित्रं-अक्षरं, शाबूत असलेली संग्राहकांना, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून. परदेशातून एक चांगली मागणी आली होती, ती नाकारली. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे आपल्याला परस्पर बाहेर पाठवता येत नाहीत. बाबांच्या नाण्यांतले नागपूरकर भोसल्यांचे रुपये मात्र विकले नाहीत. ते नागपुरातच राहावेत असं मला मनापासून वाटतं.